विश्लेषण : एका खोडात दोन झाडे कशी नांदतात? ‘कायमेरा’ आणि ‘जिनोम’ हे शब्द देणारे हान्स विंकलर कोण होते?

दोन निवडुंगांच्या पेशी एकाच खोडात वाढवणारे ‘कलमी कायमेरा’ हौशी बागकामात कुतूहलाचा विषय आहेत. ही किमया कशी घडते, याचा उलगडा करणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञाचे आयुष्य यश, हट्ट आणि एका काळ्या डागाने भरलेले आहे.

लाल गोळ्याखाली हिरवा दांडा कशाचा?

पनवेल परिसरातील रोपवाटिकांमध्ये छोट्या कुंडीत हिरवा तिधारी दांडा आणि त्याच्या डोक्यावर लालभडक किंवा पिवळाधमक गोळा, असे निवडुंग हमखास दिसते. त्याला ‘मून कॅक्टस’ म्हणतात. घरी आणणाऱ्या अनेकांना ते एकच झाड वाटते. प्रत्यक्षात ती दोन झाडे असतात. वरचा गोळा जिम्नोकॅलिशियम या निवडुंगाचा. त्यात हरितद्रव्य नसल्याने तो स्वतःचे अन्न स्वतः तयार करू शकत नाही. खालचा दांडा ड्रॅगनफ्रूटचा, म्हणजे सांगली-सोलापूरकडे आता शेतात दिसणाऱ्या त्याच वेलाच्या जातकुळीचा. दांडा अन्न पुरवतो आणि गोळा त्यावर जगतो.

हे साधे कलम झाले. कोकणात गावठी आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधतात, तसेच. खुंट गावठी असला तरी वरच्या फांद्यांना हापूसच लागतो. जोडाखालून फुटलेली फांदी मात्र गावठीच निघते आणि जाणकार ती वेळीच छाटतो. दोन्ही झाडे एकमेकांना चिकटून असतात, पण कोणीही आपला स्वभाव सोडत नाही.

मात्र क्वचित, अगदी क्वचित, नेमक्या सांध्यावरच एक कोंब फुटतो आणि त्याच्यात दोन्ही झाडांच्या पेशी असतात. तो ना धड वरच्या झाडासारखा दिसतो, ना खालच्या. वनस्पतिशास्त्रात त्याला कलमी कायमेरा म्हणतात. निवडुंग गोळा करणाऱ्यांमध्ये अशा रोपांना मोठा मान आहे. ऑर्टेगोकॅक्टस आणि ओपन्शिया म्हणजे फड्या निवडुंग यांच्या जोडातून निघालेला ‘पर्सी’ हा असाच एक प्रसिद्ध नमुना. मून कॅक्टसच्या सांध्यावरही कधीकधी असे कोंब सापडतात.

हा कोंब म्हणजे नेमके काय, हे कोडे सोडवायला शास्त्रज्ञांना जवळपास तीन शतके लागली. या कोड्याच्या मध्यभागी उभे असलेले नाव म्हणजे हान्स विंकलर.

विंकलर यांच्या आधी काय माहीत होते?

इटलीतील फ्लॉरेन्स येथे १६४४ मध्ये एका बागेत विचित्र झाड सापडले. त्याच्या एकाच फळात अर्धा भाग महाळुंगाचा आणि अर्धा भाग आंबट संत्र्याचा होता. लोकांनी त्याला ‘बिझारिया’ म्हटले. फ्रान्समध्ये पॅरिसजवळ आदाम नावाच्या माळ्याने १८२५ मध्ये पिवळ्या फुलांच्या लॅबर्नमवर जांभळ्या फुलांच्या झुडपाचे कलम केले. त्यातून निघालेल्या झाडाला आजही एकाच वेळी पिवळी, जांभळी आणि मधल्याच मळकट गुलाबी रंगाची फुले येतात.

चार्ल्स डार्विन यांना या झाडाने भुरळ घातली होती. पाळीव प्राणी आणि लागवडीखालील वनस्पतींवरील १८६८ च्या ग्रंथात त्यांनी त्याची सविस्तर चर्चा केली. नर-मादी पेशींच्या मीलनाशिवाय, केवळ कलमातून संकर होऊ शकतो का, हा त्यांचा प्रश्न होता. होत असेल, तर आनुवंशिकतेबद्दलच्या कल्पनाच बदलल्या असत्या. पण ही झाडे योगायोगाने मिळालेली होती. कोणीही ती ठरवून, पुन्हा पुन्हा तयार करून दाखवली नव्हती.

विंकलर कोण होते?

हान्स विंकलर यांचा जन्म १८७७ मध्ये जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातल्या ओशाट्झ या गावी झाला. वनस्पतिशास्त्राचे शिक्षण घेऊन ते ट्यूबिंगन विद्यापीठात अध्यापन आणि संशोधन करू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जावा बेटावरील बाऊटेनझोर्ग, म्हणजे आजचे बोगोर, येथील वनस्पती उद्यानातही त्यांनी काम केले. उष्ण कटिबंधातील वनस्पतींवर काम करू पाहणाऱ्या युरोपीय संशोधकांचे ते तेव्हा महत्त्वाचे केंद्र होते.

तेथे त्यांना एका वेगळ्याच प्रश्नाने पछाडले. काही वनस्पती परागकणाच्या मदतीशिवाय बी कसे धरतात? या अभ्यासातून १९०८ मध्ये त्यांनी ‘अपोमिक्सिस’ ही संज्ञा रूढ केली. बियाणे संशोधनात ती आजही रोज वापरली जाते. मीलनाशिवाय नवे झाड कसे जन्मते, हाच धागा त्यांना कलमांपर्यंत घेऊन गेला.

टोमॅटोच्या सांध्यावर काय घडले?

ट्यूबिंगनमध्ये विंकलर यांनी दोन साधी झाडे निवडली. एक टोमॅटो आणि दुसरी कामोणी, म्हणजे आपल्याकडे शेताच्या बांधावर, पडीक जागेत उगवणारी, काळ्या टपोऱ्या फळांची वनस्पती. काही भागांत तिला मको म्हणतात. दोन्ही वांग्याच्या कुळातल्या, त्यामुळे त्यांचे कलम सहज जुळते. पण पाने, फळे आणि लव इतकी वेगळी की कोणता भाग कोणाचा हे डोळ्यांनी ओळखता येते.

पद्धत अशी होती. आधी एकाचे दुसऱ्यावर पाचर कलम करायचे. जोड पक्का झाला की सांध्यातूनच आडवा काप घ्यायचा. आता कापलेल्या चकतीवर मध्ये एका झाडाच्या पेशी आणि कडेला दुसऱ्या झाडाच्या पेशी उघड्या पडतात. जखम भरताना तेथे गाठीसारखी ऊती तयार होते आणि तिच्यातून नवे फुटवे येतात. बहुतेक फुटवे शुद्ध टोमॅटोचे किंवा शुद्ध कामोणीचे. विंकलर यांनी शेकडो कलमे केली, हजारो फुटवे तपासले.

१९०७ मध्ये एक फुटवा वेगळा निघाला. त्याचा एक अर्धा भाग टोमॅटो, दुसरा अर्धा कामोणी. सरळ रेषेत विभागलेला, अर्धनारीनटेश्वरासारखा. विंकलर यांनी ग्रीक पुराणातील सिंह, बोकड आणि साप यांच्या मिश्र शरीराच्या प्राण्याचे नाव त्याला दिले : कायमेरा. वनस्पतिशास्त्रात हा शब्द येथून आला. पुढे तो प्राणिशास्त्र आणि वैद्यकातही पसरला.

मग वाद कशाचा झाला?

पुढच्याच वर्षी आणखी एक फुटवा मिळाला. त्यात उभी विभागणी नव्हती. प्रत्येक पान दोन्हींच्या मधले दिसत होते. विंकलर यांना वाटले, अखेर डार्विन शोधत होते ते सापडले : कलमातून झालेला खरा संकर. आपल्या गावावरून त्यांनी त्याचे नाव ठेवले, सोलॅनम ट्यूबिंगेन्से. पुढे असे आणखी फुटवे मिळाले. त्यांपैकी एकाला त्यांनी डार्विन यांचे नाव दिले.

पण खरा संकर असेल, तर प्रत्येक पेशीत दोन्ही झाडांचा वाटा हवा. टोमॅटोच्या पेशीत २४ गुणसूत्रे असतात, विंकलर यांच्या कामोणीत ७२ होती. मधला आकडा काही मिळेना. पेशी एक तर टोमॅटोच्या निघत किंवा कामोणीच्या. ट्यूबिंगेन्सेच्या बियांतूनही शुद्ध कामोणीच उगवली.

उत्तर आले एर्विन बाऊर यांच्याकडून. पांढऱ्या कडेच्या पानांच्या जिरेनियमचा अभ्यास करताना १९०९ मध्ये त्यांनी दाखवले की, कोंबाच्या टोकाशी पेशींचे थर असतात आणि प्रत्येक थर आपापला वंश पुढे चालवतो. म्हणजे ट्यूबिंगेन्से हा संकर नव्हता. तो हातमोजा घातलेला हात होता. आत कामोणी आणि बाहेर टोमॅटोच्या पेशींची एका थराची त्वचा. बी बाहेरच्या त्वचेपासून नव्हे, तर तिच्या खालच्या थरापासून तयार होते. म्हणून बियांतून आतले झाड बाहेर आले. आदाम यांचे झाडही असेच थरांचे असल्याचे लवकरच योहानेस बूडर यांनी दाखवले.

विंकलर यांच्यासाठी हा मोठा धक्का होता. आपल्या बहुतेक फुटव्यांबाबत थरांचे स्पष्टीकरण त्यांना मान्य करावे लागले. तरीही, दोन देहपेशी एकमेकींत विरघळून खरा कलमी संकर होऊ शकतो, ही आशा त्यांनी सोडली नाही. डार्विन यांच्या नावाचा फुटवा तसा असावा, असे ते मानत राहिले. वैज्ञानिक जगाने मात्र तो पुरावा पुरेसा मानला नाही.

हार मानली नाही, त्यातून काय मिळाले?

१९१२ मध्ये विंकलर हॅम्बर्गला गेले. तेथील वनस्पतिशास्त्र संस्था आणि वनस्पती उद्यान यांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १९१९ मध्ये हॅम्बर्ग विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते तेथील प्रमुख प्राध्यापकांपैकी एक झाले.

कलमांचे काम सुरूच होते. सांध्याच्या गाठीतून आलेल्या काही फुटव्यांमध्ये त्यांना गुणसूत्रांची संख्या दुप्पट झालेली आढळली. टोमॅटोत २४ ऐवजी ४८, कामोणीत ७२ ऐवजी १४४. १९१६ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. माणसाने प्रयोग करून गुणसूत्रांची संख्या वाढवल्याच्या सुरुवातीच्या उदाहरणांत याची गणना होते. पुढे कोल्चिसीन या रसायनाने हे काम सोपे झाले. बिनबियांच्या कलिंगडामागे हेच तंत्र आहे.

गुणसूत्रांचे संच मोजताना एका नेमक्या शब्दाची गरज भासली. १९२० मध्ये, मीलनाविना प्रजननावरील आपल्या ग्रंथात विंकलर यांनी गुणसूत्रांच्या एका मूलभूत संचासाठी ‘जिनोम’ हा शब्द सुचवला. त्या वेळी डीएनएचे महत्त्व कोणाला ठाऊकही नव्हते. आज करोनाच्या विषाणूपासून भाताच्या वाणापर्यंत सर्वत्र हा शब्द उच्चारला जातो, पण तो देणाऱ्याचे नाव क्वचितच घेतले जाते. १९३० मध्ये त्यांनी ‘जनुक रूपांतरण’ ही कल्पनाही मांडली. तीही तेव्हा फारशी स्वीकारली गेली नाही, पुढे बुरशींवरील प्रयोगांतून तिला आधार मिळाला.

काळा डाग कोणता?

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि जर्मन विद्यापीठांतून ज्यू प्राध्यापकांची हकालपट्टी सुरू झाली. हॅम्बर्गही अपवाद नव्हते. पुढे नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ ओटो स्टर्न यांनी त्याच वर्षी हॅम्बर्ग सोडले. विंकलर आपल्या पदावर राहिले आणि १९३७ मध्ये नाझी पक्षाचे सदस्य झाले.

ज्याने दोन भिन्न जिवांना एका देहात नांदताना पाहिले आणि त्याला नाव दिले, तोच माणूस वंशशुद्धीचा धोशा लावणाऱ्या पक्षात गेला. हा विरोधाभास त्यांच्या चरित्रातून पुसता येत नाही. विज्ञानातील सूक्ष्म दृष्टी माणसाला सार्वजनिक जीवनात शहाणे करतेच असे नाही. युद्धात हॅम्बर्ग शहर १९४३ च्या बॉम्बहल्ल्यांत होरपळले. युद्ध संपले त्याच वर्षी, १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये, विंकलर यांचे ड्रेस्डेन येथे निधन झाले.

कलमी संकराच्या कल्पनेलाही राजकारणाचा फटका बसला. सोव्हिएत संघात लायसेन्को यांनी कलमातून हवे ते गुण पिकात आणता येतात, असा प्रचार केला. त्यांच्या मताला विरोध करणारे निकोलाय वाविलोव्ह यांचा १९४३ मध्ये तुरुंगात मृत्यू झाला. या प्रकरणानंतर पाश्चात्त्य जगात कलमी संकर हा विषयच बराच काळ संशयास्पद ठरला.

निवडुंगात कायमेरा घरी करता येतो का?

येतो, पण चिकाटी आणि नशीब दोन्ही लागते. पद्धत मुळात विंकलर यांचीच आहे.

खुंट म्हणून ड्रॅगनफ्रूटचा दांडा, मिर्टिलोकॅक्टस किंवा पेरेस्कियोप्सिस वापरतात. पाते स्पिरिटने पुसून दोन्ही झाडांना सपाट काप द्यायचा. कापलेल्या भागाच्या मधोमध दिसणारे रसवाहिन्यांचे वर्तुळ एकमेकांवर निदान थोडे तरी आले पाहिजे. मग रबरबँडने हलका दाब द्यायचा आणि कुंडी सावलीत, कोरड्या जागी ठेवायची. आठवडा-दोन आठवड्यांत जोड धरतो.

त्यानंतर घाई करायची नाही. काही महिने दोन्ही झाडे जोमाने वाढू द्यायची. जोड पूर्ण एकजीव झाला की, वरचा गोळा सांध्याच्या अगदी लगत कापायचा आणि खुंटावर त्याची जेमतेम काही मिलिमीटर जाडीची चकती ठेवायची. काढलेला गोळा वाया जात नाही, तो दुसऱ्या खुंटावर बसवता येतो. खुंटावरील जवळचे काट्यांचे डोळे खरवडून काढायचे, म्हणजे फुटण्याची ताकद सांध्याकडे वळते.

आता वाट पाहायची. येणारे बहुतेक कोंब एकाच झाडाचे असतील. ज्या कोंबावर काटे एकाचे आणि रंग किंवा धारा दुसऱ्याच्या दिसतील, तो जपायचा. तो बोराएवढा झाला की काढून नव्या खुंटावर चढवायचा. अशा रोपावर मध्येच एखादी फांदी शुद्ध मूळ झाडाची निघते. ती जोमदार असल्याने बाकीचे रोप दाबून टाकते, म्हणून दिसताच छाटायची. कायमेरा बियांतून पुढे नेता येत नाही. ट्यूबिंगेन्सेने शिकवलेला धडा येथेही लागू होतो. वाढवायचा तर कलम किंवा छाटानेच.

पनवेलसारख्या ठिकाणी खरा शत्रू पाऊस आहे. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की, ताज्या कापावर बुरशी धरते आणि सांधा कुजतो. त्यामुळे पावसाळा संपल्यावर ऊन पडू लागले की, किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये काप घेणे बरे. माती भरड वाळू आणि विटांचे तुकडे मिसळून निचऱ्याची करावी. पावसाळ्यात कुंड्या छताखाली, हवा खेळती राहील अशा ठेवाव्यात.

खरेदी करताना काय पाहावे?

प्रत्येक रंगीत निवडुंग कायमेरा नसतो. मून कॅक्टसमध्ये दोन झाडांमधला जोड स्पष्ट दिसतो, ते केवळ कलम आहे. हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांचा निवडुंग हा बहुधा एकाच झाडात झालेल्या पेशीबदलाचा परिणाम असतो. तोही एक प्रकारचा कायमेराच, पण कलमी नव्हे. कलमी कायमेरात जोडरेषा नसते आणि दोन जातींची लक्षणे एकाच खोडावर मिसळलेली दिसतात. चिकटवलेली कागदी फुले आणि रंग फवारलेले काटे यांना तर कायमेरा म्हणण्याचा प्रश्नच नाही.

विंकलर शेवटी बरोबर होते का?

या गोष्टीला अलीकडे अनपेक्षित वळण मिळाले. जर्मनीतील पोट्सडॅमजवळच्या माक्स प्लांक संस्थेत राल्फ बॉक यांच्या गटाने तंबाखूच्या दोन जातींची कलमे केली. सांध्याचा भाग कापून त्यातून रोपे वाढवली. २००९ मध्ये त्यांनी दाखवले की, सांध्यावर एका झाडाच्या हरितकणांतील जनुके दुसऱ्याच्या पेशीत जाऊ शकतात. २०१४ मध्ये त्यांनी त्याहून मोठी गोष्ट सिद्ध केली : कलमाच्या सांध्यावर संपूर्ण केंद्रकी जिनोमही एका पेशीतून दुसरीत जाऊ शकतो. त्यातून ४८ आणि २४ मिळून ७२ गुणसूत्रांची, बी धरणारी नवी वनस्पती निर्माण झाली.

म्हणजे विंकलर ज्या खऱ्या कलमी संकराच्या मागे आयुष्यभर लागले होते, तो अशक्य नव्हता. ट्यूबिंगेन्सेबाबत ते चुकले होते आणि बाऊर बरोबर होते. पण शक्यतेबाबत त्यांचा हट्ट निराधार नव्हता. शंभर वर्षांनंतर ती सिद्ध झाली, तीही सांधा कापून फुटव्याची वाट पाहण्याच्या त्यांच्याच पद्धतीने. आणि तो शोध जगाला सांगताना शास्त्रज्ञांना जो शब्द वापरावा लागला, तो होता जिनोम.